ॲव्हरेज किती देते?

परवा भाच्याबरोबर कल्याणहून वाशीला निघालो होतो. काटई नाक्यापर्यंत बरं चाललं होतं, पुढे शीळफाट्याला नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे कंटेनर, बाजूला ट्रक, मधूनच घुसणाऱ्या रिक्षा... चांगला पाऊण तास गेला. पण गाडीत कमालीची शांतता. एसी चालू आणि इंजिन बंद! भाचा म्हणाला, "मामा, बघा, पेट्रोल जळतच नाहीये."

ही त्याची हायब्रीड सेदान, तीन वर्षांपूर्वी घेतलेली. गाडीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे थोडी तक्रारही आहे.

साधी गाडी मोकळ्या रस्त्यावर चांगलं ॲव्हरेज देते आणि गर्दीत पेट्रोल पिते. हायब्रीडचा खरा फायदा मात्र गर्दीतच. ब्रेक दाबला की वाया जाणारी शक्ती विजेच्या रूपात बॅटरीत साठते आणि हळू चालताना तीच वापरून मोटर गाडी ओढते. बॅटरी उतरली की इंजिन आपोआप सुरू होतं, म्हणजे पेट्रोल अगदीच जळत नाही असं नाही. पण फार कमी.

तरी जाहिरातीतले आकडे जपूनच वाचावेत. डिसेंबर 2024 मध्ये आलेल्या टोयोटा कॅमरी हायब्रीडचा प्रमाणित आकडा लिटरला 25.49 किलोमीटर आहे. हे आकडे प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून आणि एसी बंद ठेवून काढलेले असतात. मे महिन्यात शीळफाट्याला एसी बंद ठेवून बसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे!

मास्तरकीची सवय जात नाही, म्हणून भाच्याला वही घालून दिली आहे. टाकी पूर्ण भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा भरताना भागाकार करायचा. गाडीचा स्क्रीन 19 सांगतो, वही 17 सांगते. माझा वहीवर विश्वास आहे. त्याची आधीची तेवढीच मोठी पेट्रोल गाडी 11 द्यायची.

आता हिशेब मांडू. वर्षाला 12,000 किलोमीटर धरले तर 385 लिटर पेट्रोल वाचतं. लिटरला 100 रुपये धरा, 38,500 रुपये झाले. हायब्रीडसाठी चार लाख जास्त मोजले असतील तर वसूल व्हायला दहा वर्षं लागतात. आणि बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी 8 वर्षांची. म्हणजे "पेट्रोल वाचवायला घेतली" हे काही खरं नाही.

आता तक्रार. मागच्या सीटजवळ एक छोटी जाळी असते. बॅटरी थंड ठेवायला गाडी तिथून हवा ओढते. मी एकदा माझी पिशवी तिथेच टेकवून ठेवली होती, तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुढे डॅशबोर्डवर इशारा आला, तेव्हा कळलं की जाळीमागचा फिल्टर धुळीने गच्च भरला आहे. दोन सर्व्हिसिंगमध्ये कुणी तो उघडलाच नव्हता. आमच्या रस्त्यावरची धूळ ठाऊक असूनही! एवढी महागडी गाडी, सीट मऊ, दरवाजा लावला की बाहेरचा आवाज बंद, पण ही साधी गोष्ट मालकाला कुणी सांगितली नाही. माझ्या मते दर्जा फक्त कारखान्यात ठरत नाही, सर्व्हिसिंगच्या टेबलावरही ठरतो.

मग गाडी वाईट का? मुळीच नाही. त्या दिवशी काच खाली केली तेव्हा शेजारी एक जोडपं स्कूटरवर उभं होतं, मध्ये तोंडाला रुमाल बांधलेलं पोर. पुढचा ट्रक धूर सोडत होता. आमच्या गाडीचा मात्र त्या पोराला त्रास नव्हता. भाच्याचे पैसे खरे वसूल झाले ते तिथे, फक्त ते त्याच्या खिशात आले नाहीत, एवढंच.

भाच्याला तसं बोललो. तो म्हणाला, "मामा, मग सरकारने कर तरी कमी करावा!" 2017 पासून अशा गाड्यांवर सेस धरून 43 टक्के कर होता, सप्टेंबर 2025 पासून 40 झाला. विजेच्या गाडीवर 5 टक्के. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. पण शीळफाटा मोकळा झाला तर बिनहायब्रीडवाल्यांचंही पेट्रोल वाचेल, हे जास्त महत्त्वाचं. गाडी जिथे अडकते तिथेच तिचं कौतुक व्हावं, ही काही अभिमानाची गोष्ट नाही.

असो. तुमच्यापैकी कुणाकडे हायब्रीड असेल तर वहीतला आकडा कळवा, स्क्रीनवरचा नको. आणि हो, ती जाळी आजच बघून घ्या!