रात्रीचा फोटो विचारून काढा

मोबाइलला आता अंधारातही दिसतं. त्यामुळे दादरच्या फूलबाजारात पहाटे हार ओवणाऱ्या मावशींपासून स्टेशनबाहेरच्या भुर्जीपाववाल्यापर्यंत कुणाचाही चेहरा न विचारता टिपला जातो. हे थांबायला हवं. सभ्यतेचा प्रश्न तर आहेच, पण विचारून काढलेला फोटो सरसही येतो.

पॅरिसच्या रात्री टिपणारा ब्रासाई १९३०च्या सुमारास काचेच्या प्लेटा वापरायचा. शटर किती वेळ उघडं ठेवायचं, हे तो सिगारेटवर मोजायचा: उजेड बरा असेल तर साधी गोलवाज, मिट्ट काळोख असेल तर जाडजूड बोयार. धुक्यातले दिवे आणि ओली फरसबंदी तेवढा वेळ थांबतात, माणसं कशी थांबणार? कॅफेतल्या चेहऱ्यांसाठी मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. भपकन उजेड आणि मागून धूर! असा कॅमेरा लपवून चालवता येत नाही. म्हणून ब्रासाई त्या अड्ड्यांवर आधी ओळखी करून घ्यायचा आणि मग लोक त्याच्यासाठी स्तब्ध बसायचे. यातले बरेच फोटो पुस्तकरूपात आले ते थेट १९७६ साली.

न्यूयॉर्कचा छायाचित्रकार वीजी याने उलटी वाट धरली. १९४०च्या दशकात त्याने इन्फ्रारेड फिल्म आणि डोळ्यांना न जाणवणारा फ्लॅश घेऊन सिनेमागृहातली बिलगलेली जोडपी टिपली. त्यांना पत्ताही नव्हता. कारागिरी अफाट, पण ती चोरीच.

याउलट, मुंबईच्या फॉकलंड रोडवरच्या वेश्यावस्तीत छायाचित्रकार मेरी एलेन मार्कला आधी कित्येकदा शिव्या खाऊन परतावं लागलं. १९७८मध्ये ती पुन्हा आली, काही महिने तिथे जात राहिली, तिथल्या बायकांशी तिची मैत्री जुळली. त्यातून १९८१चं तिचं रंगीत छायाचित्रांचं पुस्तक झालं.

मोबाइलचा नाइट मोडही समोरच्याने थांबावं, हेच मागतो. तो एकामागून एक फ्रेम घेऊन त्यांची जुळणी करतो, त्यामुळे चालत्या माणसाचा नुसता फराटा उरतो. ‘दादा, एक काढू का?’ म्हटलं की भुर्जीवाला उलथनं तव्यावर टेकवतो, बल्बकडे तोंड करतो, दोन सेकंद थांबतो. तेवढ्यात कपाळावरचा घामही नीट उतरतो.

नाही म्हणाला, तर फोन खिशात टाका. हो म्हणाला, तर फोटो त्याला तिथेच दाखवा आणि त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा.