गाणं कधी सुरू होणार?

परवा रंकाळ्यावर एका मित्राला मी ‘ॲजवीकीपसर्चिंग’ या भारतीय बँडचा २०१५ सालचा पहिला अल्बम, ‘ख्वाब’, हेडफोनवर ऐकवला. गिटारचे सूर लांबत जातात, एकमेकांवर साचत जातात. शब्द मोजके आणि हिंदी. तीन मिनिटांनी मित्र म्हणाला, “भावा, गाणं कवा चालू हुणार?”

हा प्रश्न दुसऱ्या कुठल्या गावात मी ऐकून घेतला असता. कोल्हापुरात नाही. १८९५ साली अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांचे दरबारगायक झाले आणि जयपूर-अत्रौली गायकी इथं रुजली. या गायकीची मोठी मदार आकारावर. बंदिशीच्या दोन ओळी झाल्या की पुढचा सगळा पसारा स्वरांचा. तिथं कुणी ‘गाणं कधी?’ विचारलं, तर आपण त्याला अडाणी म्हणू. तेच गिटारवर झालं की अडाणी ठरतो वाजवणारा.

दुसरा आक्षेप ठरलेला: हे आपल्या मातीतलं नाही. खाँसाहेब तरी कुठे करवीरचे? ते राजस्थानातल्या उनियाऱ्याचे. पेटी आली युरोपातून. परकी म्हणून १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओनं तिला दार बंद केलं होतं. आज पेटीशिवाय आपलं भजन उभं राहत नाही.

मान्य, या संगीताचेही साचे झालेत. संथ सुरुवात, मग आवाजाचा डोंगर, मग शांतता. कितीतरी बँड एवढंच करतात. गिटारला जोडलेलं डिले पेडल म्हणजे तंबोरा नव्हे, हेही खरं. टीका जरूर करा, पण शेवटपर्यंत ऐकून करा.

आणि शब्दांचं एवढंच प्रेम असेल, तर मिरवणुकीतल्या डॉल्बीपुढे ते कुठं जातं? रहिवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्या दणक्यात ना शब्द कळतो, ना सूर. तरी तिथं कुणी विचारत नाही, गाणं कुठाय म्हणून.

माझ्या ओळखीची, इथं गिटार शिकलेली पोरं एकेक करून पुण्याला गेली. त्यांना अनुदान नको होतं. एक बंद हॉल, दीड तास आणि गप्प बसून ऐकणारी पन्नास माणसं हवी होती. कलापूर म्हणवून घेणाऱ्या गावाला एवढं जमू नये?

मित्राला मी पुन्हा बोलावलंय. या खेपेला अल्बम संपेपर्यंत हेडफोन काढायचा नाही, या अटीवर.