औषध होते, वेष्टन अडले!

करोनाच्या दुसऱ्या लाटेपाठोपाठ मे २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसने महाराष्ट्राला ग्रासले, तेव्हा ‘अ‍ॅम्फोटेरिसिन-बी’ या इंजेक्शनासाठी रुग्णांच्या नातेवाइकांना वणवण करावी लागली. या टंचाईची चर्चा प्रामुख्याने काळाबाजार आणि वाटपातील त्रुटी यांभोवतीच फिरत राहिली. मूळ औषध मात्र १९५० च्या दशकापासून वैद्यकशास्त्राला परिचित होते. एक मोठी अडचण होती ती त्याला वाहून नेणाऱ्या मेदाच्या सूक्ष्म वेष्टनाची.

साध्या स्वरूपातील अ‍ॅम्फोटेरिसिन बुरशीला मारते, पण मूत्रपिंडांनाही इजा करते. त्यामुळे त्याची मात्रा रुग्णाच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण एक ते दीड मिलिग्रॅमपुढे नेता येत नाही. हेच औषध फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल यांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत, म्हणजे ‘लायपोसोम’मध्ये बसविले की मूत्रपिंडांवरील आघात पुष्कळ कमी होतो आणि दर किलोमागे पाच मिलिग्रॅम वा अधिक मात्रा देता येते. साठ किलो वजनाच्या रुग्णाला याचा अर्थ दररोज ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या सहा कुप्या. आणि उपचार कित्येक आठवडे. रुग्णसंख्या अचानक वाढल्यावर साठा का आटला, याचे उत्तर या हिशेबात आहे.

केंद्राने त्या महिन्यात आणखी पाच कंपन्यांना उत्पादनाची परवानगी दिली. जूनमध्ये निर्यातीवर निर्बंध आले आणि करही माफ झाला. तथापि, परवाना मिळाला म्हणून लायपोसोम तयार होत नाही. त्यासाठी लागणारी शुद्ध लिपिडे जगात मोजकेच उत्पादक बनवितात. शिवाय कणांचा आकार नेमका राखणे आणि संपूर्ण प्रक्रिया निर्जंतुक ठेवणे, हे कौशल्य रातोरात येत नाही.

महाराष्ट्राला हे तंत्र नवे नाही, हे येथे आवर्जून नोंदवावे लागेल. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या पुढाकाराने, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बी. के. बच्छावत यांच्या सहकार्याने, स्वदेशी लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिनवर नव्वदच्या दशकातच काम झाले होते. अंबरनाथमध्ये भारत सीरम्सचा कारखाना आहे, तर रत्नागिरीत फॉस्फोलिपिडांचे उत्पादन होते. पुण्याच्या जिनोव्हा कंपनीच्या एमआरएनए लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली. तिचा वाहकही मेदाधारितच. आणि ती उणे तापमानाऐवजी साध्या शीतपेटीत, दोन ते आठ अंश सेल्सियसला टिकते.

या पार्श्वभूमीवर कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीकडे पाहायला हवे. वस्त्रोद्योग आणि इंजिननिर्मिती ही या वसाहतीची ओळख. परंतु भोवतालच्या शिवारात खरिपाला सोयाबीन पिकते, आणि सोया तेल शुद्ध करताना निघणारे लेसिथिन हाच अनेक लायपोसोमांतील मुख्य फॉस्फोलिपिडाचा उगम आहे. शिवाजी विद्यापीठात नॅनोविज्ञानाचे अध्यापन चालते, शहरात औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. कच्चा माल, मनुष्यबळ आणि महामार्ग या तिन्ही गोष्टी हाताच्या अंतरावर आहेत.

अर्थात सोयाबीनच्या पोत्यापासून इंजेक्शनयोग्य लिपिडापर्यंतचा रस्ता लांबचा आणि खर्चिक आहे. अतिशुद्ध पाणी, अखंडित वीज, गुणवत्ता-चाचणीची सामाईक प्रयोगशाळा यांवाचून कोणताही उद्योजक त्या वाटेला जाणार नाही. साथ नसताना या मालाला मागणीही बेताचीच असते. म्हणूनच केवळ भूखंड स्वस्त देऊन भागणार नाही. सरकारी रुग्णालयांसाठी हमीची खरेदी आणि लिपिडांचा राखीव साठा यांचा विचार राज्याने करायला हवा.

साथ ओसरली की तिचे धडेही विसरले जातात, हा आजवरचा अनुभव आहे. २०२१ मध्ये अनेकांनी डोळा गमावला, कित्येकांनी प्राण. पुढच्या संकटात कुपीसाठी पुन्हा रांगा लागू नयेत, असे वाटत असेल तर तयारी शांततेच्या काळातच करावी लागेल.