मैत्रीला बटण बसवणारे चित्रपट

‘डोरेमॉन’च्या चित्रपटांविषयी एक तक्रार नेहमी ऐकू येते. मालिकेतला जियान नोबिताला बदडतो, त्याची कॉमिक्स हिसकावून नेतो, आपलं बेसूर गाणं सगळ्यांना बळजबरीने ऐकवतो. चित्रपटात मात्र तोच जियान मित्रांसाठी जिवावर उदार होतो. मालिकेतला रडूबाई नोबिताही चित्रपटात संकटाला छातीठोकपणे सामोरा जातो. तेव्हा चित्रपटवाल्यांनी पात्रांची ओळखच पुसली, असा या तक्रारीचा सूर असतो.

माझं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. ज्या चित्रपटांवर हा आरोप होतो ते पात्रांशी इमान राखून आहेत. आणि जे पाहताना लोकांचे रुमाल ओले झाले, त्या २०१४ च्या ‘स्टँड बाय मी डोरेमॉन’ने आणि २०२० च्या त्याच्या दुसऱ्या भागाने पात्रांशी दगा केला आहे.

आधी जियानचं प्रकरण निकालात काढू. १९८० साली आलेला पहिला मोठा चित्रपट नोबिता आणि त्याने अंड्यातून वाढवलेल्या पिसुके नावाच्या डायनासोरचा. मुलं प्राचीन काळात अडकून पडतात. पिसुके आमच्या हवाली करा, तुम्हाला घरी पोहोचवतो, असा सौदा शिकारी त्यांच्यापुढे ठेवतात. सुनियो डळमळतो. जियान मात्र नोबितासोबत पायी चालत जायला तयार होतो. का? कारण थोड्या वेळापूर्वी तो स्वतः कोसळण्याच्या बेतात असताना नोबिताने त्याचा हात सोडला नव्हता. चित्रपटाने जियानला अचानक संत केलेलं नाही. आधी त्याच्यावर उपकाराचं ओझं ठेवलं, मग ते तो कसं फेडतो ते दाखवलं.

१९८२ च्या आफ्रिकेतल्या साहसाचंही तेच. सोपी साधनं नकोत, खरं साहस हवं, असा हट्ट जियानचाच. त्यापायी महत्त्वाची साधनं मागे राहतात आणि सगळे संकटात सापडतात. पुढे तो धोक्यात उडी घेतो ती या अपराधाची बोच लागल्यामुळे. दांडगाई करणाऱ्या मुलालाही लाज असते, हे ज्याने गल्लीत क्रिकेट खेळलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. मालिकेत जियानला ती लाज वाटावी असे प्रसंग कमी येतात, कारण तिथे विषय असतो हरवलेल्या चेंडूचा किंवा शाळेतल्या गुणांचा. चित्रपटाने प्रसंग मोठा केला, माणूस तोच ठेवला.

नोबिताचं पाहा. १९८१ च्या अंतराळातल्या चित्रपटात तो शत्रूसमोर पिस्तूल घेऊन उभा राहतो. हे आभाळातून पडलेलं नाही. अभ्यासात शून्य मिळवणाऱ्या या मुलाचा नेम अचूक आहे, हे मूळ चित्रकथेत आधीच आलेलं होतं. आणि धैर्याचं म्हणाल, तर डोरेमॉन निघून जाणार म्हटल्यावर त्याने निश्चिंत मनाने जावं म्हणून नोबिता एकट्याने जियानशी भिडतो, मार खातो, पण सोडत नाही. ही गोष्ट सत्तरच्या दशकातली आहे, पहिल्या चित्रपटाच्या आधीची. पेरलेलं होतं, म्हणून उगवलं.

कुणी म्हणेल, यात नवल काय? चित्रकथा काढणाऱ्या हिरोशी फुजिमोटो, म्हणजे फुजिको एफ. फुजिओ यांनीच १९९६ मध्ये मृत्यू येईपर्यंत या चित्रपटांच्या मूळ गोष्टी लिहिल्या. तेव्हा त्या खऱ्या उतरणारच, आणि त्यांच्यानंतरच्या बिघडणारच. हा युक्तिवाद मला मान्य नाही. १९९९ साली नोबिताच्या लग्नाच्या आदल्या रात्रीवर आणि २००० साली त्याच्या आजीवर छोटे चित्रपट निघाले. दोन्ही फुजिमोटो गेल्यानंतरचे. पण दोन्हींत पात्रांच्या केसालाही धक्का लागलेला नाही. म्हणजे लेखक हयात असणं ही अट नाही. पात्रांमधल्या नात्याचा आधार कशात आहे, हे पुढच्या माणसाला कळणं ही अट आहे.

‘स्टँड बाय मी’ला नेमकं तेच कळलेलं नाही. मूळ कथेत बाविसाव्या शतकातून नोबिताचा वंशज सेवाशी येतो, सोबत डोरेमॉन. नोबिताने पुढच्या पिढ्यांवर कर्जाचा डोंगर ठेवू नये म्हणून त्याला सुधारायचं, हा हेतू. डोरेमॉन राहतो, रागावतो, कंटाळतो, साधन काढून देतो, ते उलटलं की पुन्हा धावून येतो. २०१४ च्या चित्रपटाने यात भर घातली ती अशी: डोरेमॉनला राहायचंच नाही, म्हणून सेवाशी त्याच्यात एक प्रोग्राम चालू करतो. नोबिता सुखी होईपर्यंत त्याला परत जाता येणार नाही. आणि नोबिता सुखी झाला की त्याला थांबता येणार नाही.

या एका बटणाने काय झालं ते नीट पाहा. मूळ गोष्टीत डोरेमॉनचं प्रत्येक साहाय्य हे त्याचं स्वतःचं देणं होतं. यंत्र असूनही तो मित्र होता, कारण नाही म्हणण्याची मोकळीक असताना तो हो म्हणत होता. इथे तो शिक्षा भोगणारा कैदी झाला, आणि नोबिताचं सुख ही त्याच्या सुटकेची किल्ली. नियत काढून घेतली की उपकार उरत नाही, वेठबिगार उरते.

चित्रपटाचे चाहते सांगतील, सात-आठ सुट्या गोष्टी दीड तासात ओवायच्या तर दोरा लागतोच, प्रोग्राम हा तो दोरा. दोरा हवा, मान्य. पण मण्यांनाच भोक पाडून फोडणारी सुई कशाला हवी? आणखी एक बचाव असा की, पुढे त्याला खराच लळा लागतो, निघताना तो रडतो. रडतो, खरं आहे. पण लळा आधीपासून होता म्हणूनच मूळ निरोपाची गोष्ट काळजाला भिडत होती. तिथे जाणं टळत नाही एवढंच कळतं, आणि ते पुरतं. इथे मात्र निरोपाची वेळ यंत्र ठरवतं. जपानमध्ये या चित्रपटाची जाहिरातच मुळी डोरेमॉन पाहून रडा अशी केली गेली. रडवण्याचं उद्दिष्ट आधी ठरलं आणि पात्रं त्या मापाने कापली गेली.

दुसऱ्या भागाने तर कहर केला. आजीला आपली नवरी दाखवायची म्हणून नोबिता भविष्यात जातो, तर लग्नाच्या दिवशी नवरदेव नोबिताच पळालेला! शिझुकाला आपण सुखी ठेवू शकणार नाही, अशी म्हणे त्याला भीती वाटली. आता मूळ कथेत शिझुकाचे वडील लेकीला निरोप देताना कशाचा भरवसा देतात? हा मुलगा दुसऱ्याच्या सुखात सुख मानतो आणि दुसऱ्याच्या दुःखाने दुःखी होतो, याचा. नोबिता आळशी आहे, विसराळू आहे, घाबरटही आहे. लग्नाला उशिरा पोहोचला असता तर मी हसून मान्य केलं असतं. पण दुसऱ्याचं मन दुखावताना त्याला त्याचं काहीच वाटू नये, हे नोबितात बसत नाही. भर मांडवात शिझुकाला ताटकळत ठेवणारा माणूस कुणीही असेल, तिच्या वडिलांनी पारखलेला नोबिता तो नव्हे.

हे इतकं मनावर का घ्यायचं? कारण ही पात्रं आपल्याकडची मुलं हिंदीतून ऐकत, बोलत वाढली आहेत. थोरांनी त्यांच्याकडे पाहिलं ते बहुधा संशयानेच. २०१३ मध्ये बांगलादेशात हिंदी डोरेमॉन बंद झाला, मुलं बांगलाऐवजी हिंदी बोलू लागली म्हणून. २०१६ मध्ये पाकिस्तानच्या पंजाब विधानसभेत बंदीच्या मागणीचा ठराव आला. आपल्याकडेही ‘पोरं आळशी होतात’ हे घराघरांत ऐकू येतं. टीका करणाऱ्यांना साधनं दिसली, पण जवळजवळ प्रत्येक गोष्टीत ते साधन नोबितावर उलटतं, हे दिसलं नाही. पडद्यासमोर बसलेल्या मुलांना ते दिसतं. साधन फसलं तरी मित्र सोडून जात नाही, हेही दिसतं.

हीच गोष्ट चित्रपटाने बदलली. तुझा मित्र तुझ्यापाशी थांबला कारण त्याला सक्ती होती, असं दहा वर्षांच्या मुलाला सांगणं ही साधी चूक नव्हे. जे मूल वर्गात मागच्या बाकावर बसतं, ज्याला खेळात शेवटी घेतात, त्याने नोबिताकडून एकच आशा उसनी घेतलेली असते: आपण कसेही असलो तरी कुणीतरी आपल्याला आपखुशीने जवळ करील. ती आशा काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही दिग्दर्शकाला नाही.

म्हणून घरात मुलांना डोरेमॉनचा चित्रपट लावून द्यायचा असेल, तर तो जुना, पिसुकेचा द्या. त्यातला जियान मालिकेसारखा वागत नाही म्हणून मूल तक्रार करील, तर त्याला नोबिताने न सोडलेला हात दाखवा.