आधी पाणी मोजा, मग प्लॉट पाडा



सावर्ड्यावरून महामार्ग गेला, कोकण रेल्वेही आली. साहजिकच रस्त्याकडेच्या वरकस जमिनीला गिऱ्हाईक लागले. माळावर चुन्याच्या रेघा पडतात, दगड रोवले जातात, प्लॉट विकले जातात. जमीन विकायला आमचा विरोध नाही. शेतीत भागत नाही म्हणूनच शेतकरी विकतो; ज्याची जमीन त्याची मर्जी. पण जमिनीबरोबर खालचे पाणीही विकले जाते, आणि ते पाणी एकट्याचे नसते. त्याच झऱ्यावर खालच्या वाडीची विहीर असते, शेजाऱ्याची आंब्याची कलमे असतात.

"एवढा पाऊस पडतो, पाण्याला काय तोटा?" असे मुंबईचे गिऱ्हाईक विचारते. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे खरे. पण आपला जांभा चाळणीसारखा. पाणी त्यातून झिरपते, खालच्या चिकण थरावर अडते आणि उताराने झऱ्यावाटे वाहून जाते. म्हणून श्रावणात काठोकाठ भरलेली विहीर वैशाखात तळ दाखवते. प्लॉट दाखवणारा मात्र विहीर दाखवतो ती पावसाळ्यात!

आता हिशेब करू. चाळीस प्लॉट, प्रत्येकी पाच माणसे. जलजीवन योजनेच्या मापाने माणशी ५५ लिटर धरले, तरी रोज ११,००० लिटर पाणी लागते. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे ७,००० लिटर. म्हणजे ऐन मे महिन्यात त्या विहिरीला रोज दीड मीटरहून अधिक नवे पाणी चढले पाहिजे. चढते का, हे पाहायला साहेब नको. विहीर उपसावी, पट्टी सोडावी आणि पाणी किती तासांत किती चढते ते लिहून ठेवावे.

पाणी पुरले तरी ते पिण्याजोगे हवे. चाळीस घरांचे चाळीस शोषखड्डे त्याच जांभ्यात असणार. जांभ्यातून पाणी भराभर झिरपते, तशी घाणही झिरपते. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि शौचातले जंतू मुळीच नकोत, असे भारतीय मानक सांगते. तेव्हा नमुना मे महिन्यात एकदा आणि पहिल्या पावसानंतर पुन्हा एकदा तपासला पाहिजे.

कायदे आहेत. १९९३ च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदायला बंदी घातली. पुढे २००९ चा कायदा झाला, तो २०१४ पासून लागू आहे. पण कायदा कागदावर राहतो आणि विहीर आटते ती आपली. बाराच्या उताऱ्यात जलसिंचनाच्या साधनाचा रकाना आहे. त्यात 'विहीर' एवढेच लिहिलेले असते. वैशाखात तिला पाणी किती, ते कोणी लिहीत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. प्लॉट पाडण्यापूर्वी उन्हाळ्यातली पाण्याची मोजणी आणि दोन्ही तपासण्यांचे कागद ग्रामसभेपुढे ठेवावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा दाखला घ्यावा. शेजारच्या विहिरींची पातळीही त्याच वेळी नोंदवावी, म्हणजे उद्या भांडण झालेच तर पुरावा हाताशी राहील. पाणी वीस घरांपुरतेच निघाले तर वीसच प्लॉट पाडावेत.

विकणाऱ्याचे यात नुकसान नाही. पाण्याचा कागद असलेल्या जमिनीला भाव जास्तच येईल. येत्या मे महिन्यात आपल्या वाडीतल्या विहिरी मोजा आणि आकडे घेऊन बैठकीला या.