ट्रॉली थांबवू नका, टेबल हलवा!

हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर गेल्या महिन्यापासून एक नोटीस लागली आहे. सगळ्यांनी वाचलीच असेल. रात्री ८ ते १० ह्या रेकॉर्ड ऐकण्याच्या वेळेत कॉमन रूममध्ये कोणी धावायचं नाही, उड्या मारायच्या नाहीत, आणि मेसच्या मावशींनी भांड्यांची ट्रॉली आतून न नेता इमारतीच्या मागून न्यायची. ह्या नोटिशीला माझा विरोध आहे, आणि तो मी थर्ड इयर मेकॅनिकलची विद्यार्थिनी म्हणून नोंदवते आहे. (रेक्टर मॅडम, प्लीज, शेवटपर्यंत वाचा!)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निवृत्त झालेल्या एका सरांनी आपल्या हॉस्टेलला रेकॉर्ड प्लेअर आणि चाळीसेक तबकड्या भेट दिल्या. ‘हे जुनं कोण ऐकणार?’ असं आधी सगळ्याच म्हणत होत्या. आता जागा मिळत नाही! तसं हे जगभर चाललंय. अमेरिकेत २०२२ साली तबकड्या सीडींपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. पण आपल्याकडे रोजची रड एकच. कोणी जोरात चाललं की सुई उडते, गाणं पुढे पळतं आणि सगळ्यांच्या माना ट्रॉलीकडे वळतात.

आता दोन गट पडलेत. एक म्हणतो, शिस्त लावा. दुसरा म्हणतो, गॅदरिंगच्या फंडातून परदेशी आयसोलेशन फीट मागवा. मला विचाराल तर दोघांनीही आधी मोजायला हवं होतं. (‘विलगीकरण’ म्हणायचं की ‘पृथक्करण’, ह्या वादात मी कॉन्व्हेंटवाली पडत नाही. मी आयसोलेशनच म्हणणार.)

मुळात सुई काय करते? तबकडीवरची खाच केसापेक्षाही बारीक. त्या खाचेत सुई हलते आणि कार्ट्रिजमधून काही मिलिव्होल्टचा सिग्नल निघतो. हा सिग्नल गाण्याचा आहे की जमिनीच्या थरथरीचा, हे सुईला कळत नाही. त्यात भर म्हणजे तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम दाबलेले असतात. ते परत मिळवायला ॲम्प्लिफायर २० हर्ट्झच्या आसपासचा सिग्नल १००० हर्ट्झच्या तुलनेत सुमारे नऊपट उचलतो. जमिनीची थरथर नेमकी ह्याच खालच्या भागात असते. म्हणजे नको तेच मोठं होऊन बाहेर येतं!

आम्ही तिघींनी एक साधी टेस्ट केली. मोटर बंद ठेवून थांबलेल्या तबकडीवर सुई ठेवली, आवाज बेताचा वाढवला आणि ऐकत बसलो. ट्रॉली पॅसेजमधून गेली तेव्हा हलकी घुरघुर आली. एकीने खोलीच्या मधोमध उडी मारली तेव्हा धाडकन आवाज आला. आणि टेबलावर नुसतं बोट आपटलं तर सगळ्यात मोठा! मग टेबलाकडे नीट बघितलं. ते खोलीच्या अगदी मधोमध आहे. त्याचा एक पाय तोकडा, त्याखाली घडी घातलेला पेपर. आणि दोन्ही स्पीकर त्याच टेबलावर! म्हणजे स्पीकर टेबल हलवतात, टेबल सुईला हलवतं, आणि सुई पुन्हा स्पीकरला सिग्नल देते. ह्यात मावशींचा काय दोष?

मित्र-मैत्रिणींनो, हे सगळं आपल्या सिलॅबसमध्ये आहे हो! ट्रान्समिसिबिलिटीचा ग्राफ आपण शीटवर जीटी मारून काढतो, ओरलला घडाघडा सांगतो. स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूची एक स्वतःची फ्रीक्वेन्सी असते. बाहेरची थरथर तिच्या १.४१ पट झाली की मगच आयसोलेशन सुरू होतं. त्याच्या खाली उलटा फायदा, म्हणजे तोटाच! समजा आपण ५ हर्ट्झची स्प्रिंग घातली. १५ हर्ट्झची थरथर आली तर सुमारे एक अष्टमांश वर पोचेल. पण ६ हर्ट्झची आली तर डॅम्पिंग नसताना ती दुपटीहून जास्त होऊन पोचेल. म्हणून ‘खाली मऊ काहीतरी घाला’ एवढ्याने भागत नाही. आपल्या हॉस्टेलात कोणीतरी गादीचा फोम घातला होता आणि सुई आणखीच उडायला लागली, आठवतंय ना?

स्प्रिंगची फ्रीक्वेन्सी काढायला लॅबही लागत नाही. वजन ठेवल्यावर ती किती मिलिमीटर दबली ते फुटपट्टीने मोजा, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्याने भागा. १ मिलिमीटर दबली तर जवळजवळ १६ हर्ट्झ, १० मिलिमीटर दबली तर ५. रबराचा खरा आकडा ह्याहून थोडा वर येतो, पण अंदाजाला पुरे. कडक रबराची महागडी बुटकुली अर्धा मिलिमीटरही दबत नसतील, तर खालच्या थरथरीला ती काय रोखणार? फंडाचे पैसे घालवण्याआधी हे गणित कोणी केलं का?

हा प्रश्न जगाने केव्हाच सोडवला आहे. अमेरिकेत ॲकॉस्टिक रिसर्च कंपनीच्या एडगर व्हिल्चरने १९६१ साली एक रेकॉर्ड प्लेअर बाजारात आणला. त्यात तबकडीची फिरती थाळी आणि सुईचा दांडा हे दोन्ही एकाच ताठ पट्टीवर बसवलेले, आणि ती पट्टी तीन स्प्रिंगांवर लटकवलेली. मोटर वेगळी, वरच्या पत्र्याला, मध्ये फक्त रबरी पट्टा. ह्यात दोन गोष्टी साधल्या. स्प्रिंगमुळे धक्का कमी पोचतो हे तर झालंच. पण जो थोडा पोचतो, तो थाळी आणि दांडा दोघांनाही बरोबर हलवतो. दोघं बरोबर हलले की सुईच्या दृष्टीने काही हललंच नाही! त्या माणसाने घरात चालणाऱ्यांवर बंदी घाला असं ग्राहकांना सांगितलं नाही. त्याने यंत्र सुधारलं.

आपल्याकडे काय करता येईल? पहिलं, स्पीकर त्या टेबलावरून खाली उतरवा. ह्याला खर्च शून्य. दुसरं, टेबल स्लॅबच्या मधोमध न ठेवता कोपऱ्यातल्या खांबाजवळ न्या. स्लॅब मध्ये सगळ्यात जास्त हलतो, खांबाजवळ सगळ्यात कमी. सिव्हिलवाल्यांना विचारा! मोबाईलमधल्या ॲक्सेलरोमीटरवर आम्ही बघितलं. मध्ये एकीने उडी मारली की रेघ नाचते, खांबाजवळ जवळजवळ सपाट. त्याहून चांगलं म्हणजे भक्कम भिंतीत दोन लोखंडी ब्रॅकेट ठोका आणि त्यावर कडप्प्याची फरशी ठेवा. मात्र दार आपटतं ती भिंत नको. आणि एवढं करूनही घुरघुर राहिली, तरच कडप्प्याखाली सायकलची थोडी हवा भरलेली ट्यूब घालायची, मोजून. सगळ्याचा खर्च त्या परदेशी पायांच्या जवळपासही जाणार नाही. वर्कशॉपच्या सरांनी एक शनिवार दिला तर काम फत्ते!

कोणी म्हणेल, एका रेकॉर्ड प्लेअरसाठी एवढं? पण हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया उभी राहणार आहे, तिला केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. गुरुत्वीय लहरी टिपायला लायगोच्या अमेरिकेतल्या वेधशाळांमध्ये ४० किलोचे आरसे चार टप्प्यांच्या लंबकावर टांगलेले आहेत. कशासाठी? जमिनीची थरथर आरशापर्यंत पोचू नये म्हणून. तत्त्व तेच आहे, जे आपण ओरल संपली की विसरतो. उद्या तिथे काम करायची स्वप्नं बघणाऱ्या मुलींना आज कॉमन रूममधलं एक टेबल सरळ करता येऊ नये?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. मागची वाट म्हणजे पावसाळ्यात नुसता चिखल, दिवा नाही. सत्तर-ऐंशी ताटांची ट्रॉली एकटीने तिथून ढकलायची, ती का, तर आपलं गाणं उडू नये म्हणून? शिवाय मावशी स्वतः पदराला हात पुसत दारात उभ्या राहून गाणी ऐकायच्या. नोटीस लागल्यापासून त्या तिकडे फिरकलेल्या नाहीत.

म्हणून मेस कमिटीला आणि रेक्टर मॅडमना माझी विनंती आहे. नोटीस काढा आणि आम्हाला दोन ब्रॅकेट, एक कडप्पा आणि एक शनिवार द्या. त्यानंतरही ट्रॉलीने सुई उडाली, तर मावशींच्या वाटणीची ट्रॉली मागच्या वाटेने मी स्वतः ढकलेन. आहे कबूल?