तीस बाटल्यांचं वाइन किट: धंदा नक्की कोणाचा?



परवा खोडदच्या माझ्या दुकानात शेजारच्या गावचा एक पोरगा आला. माझं दुकान पॅकिंगच्या मालाचं. बरण्या, बाटल्या, पाउच, लेबल. म्हणाला, "दादा, पाऊण लिटरच्या तीस काचेच्या बाटल्या पाहिजेत, बूच बसेल अशा." मी विचारलं, काय भरणार? इकडंतिकडं बघून हळूच म्हणाला, "रेड वाइन. किट मागवतोय."

टोमॅटोचे पैसे नुकतेच हातात आलेले. वडिलांची जंबो द्राक्षांची बाग. प्लॅन एकदम तयार होता: पहिली बॅच किटची, दुसरी स्वतःच्या द्राक्षांची, आणि गिऱ्हाईक म्हणजे शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणारे पुण्या-मुंबईचे लोक.

मी त्याला बाटल्या दिल्या नाहीत. हातचं गिऱ्हाईक घालवलं म्हणून घरी बोलणी खाल्ली. पण का दिल्या नाहीत, ते आज तुम्हालाही सांगतो. कारण हाच प्रश्न मला ट्रेनिंगमध्ये दर दोन-तीन बॅचला कोणीतरी विचारतंच.

आधी किट म्हणजे काय ते समजून घ्या. परदेशात हे सर्रास मिळतं. डब्यात वाइनच्या द्राक्षांचा आटवलेला रस, यीस्टची पुडी, गाळ खाली बसवायची पावडर आणि वाइन टिकवायची पावडर असते. रसात पाणी घालून 23 लिटर करायचं, यीस्ट टाकायचं, झाकणाला एअरलॉक लावायचा. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. गॅस एअरलॉकमधून बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. स्वस्त किटची वाइन चार ते आठ आठवड्यांत बाटलीत जाते. बाटल्या होतात साधारण तीस.

ऐकायला सोपं आहे, आणि खरंच सोपं आहे. गडबड पुढे आहे.

पहिली गोष्ट, कायदा. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम 1949 लागू आहे. परवान्याशिवाय दारू बनवणं हा कलम 65 खाली गुन्हा आहे, आणि त्यात वाइनही आली. विकली नाही, घरच्यापुरतीच केली, हा बचाव चालत नाही. बनवण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणं सुद्धा त्याच कलमात येतं. म्हणजे पहिली बाटली भरायच्या आधीच तुम्ही अडकलात.

कोणी म्हणेल, अमेरिकेत तर लोक बिनधास्त करतात. करतात. तिथं दोन प्रौढ माणसं असलेल्या घराला वर्षाला 200 गॅलनपर्यंत, म्हणजे साधारण 750 लिटर, वाइन घरी करायला केंद्राचा कायदा परवानगी देतो. पण विकायला नाही! हे वाक्य दोनदा वाचा. जिथं किट उघड मिळतं, तिथंही त्यातली वाइन घरीच प्यायची असते. मग त्यात पैसे कोण कमावतं? किट विकणारा. तुम्ही ज्याला धंदा समजताय, तो दुसऱ्याच्या धंद्याचा गिऱ्हाईक व्हायचा रस्ता आहे.

दुसरी गोष्ट, आपली द्राक्षं. जंबो असो की शरद सीडलेस, ही खायची द्राक्षं. मणी मोठा, गर जास्त, बी नाही. रेड वाइनला लागणारी कॅबरने सॉव्हिन्यॉन किंवा शिराझ लहान मण्याची, जाड सालीची, बियांची. रेड वाइनचा रंग आणि तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो, म्हणून ती सालीसकट आंबवतात. पावसानं तडकलेला, व्यापाऱ्यानं नाकारलेला माल "वाइनला चालेल" असं जे आपल्याकडे म्हणतात, ते डोक्यातून काढा. सडका मणी आत गेला की सडकी चवच बाहेर येते.

तिसरी गोष्ट आपल्या घराजवळची. खोडदहून नारायणगाव किती लांब? तिथंच 1980 च्या दशकात शामराव चौगुले यांनी शॅम्पेन इंडेज उभी केली. फ्रेंच तंत्र आणून बनवलेली 'ओमर खय्याम' ही फेसाळ वाइन परदेशात गेली. भारतीय वाइनचा इतिहास या गावाशिवाय लिहिता येत नाही. आणि तीच कंपनी पुढे परदेशात विस्तार करता करता कर्जात बुडाली. ज्यांच्याकडे तंत्र, परवाना, ब्रँड सगळं होतं, त्यांना रोकड सांभाळता आली नाही. आपण तीस बाटल्यांवर उडी मारायची?

मी साधुसंत नाही. मीही पोळलोय. बीबीए संपवून गावी आलो तेव्हा बिनाअल्कोहोलचा, साधा काळ्या द्राक्षांचा रस बाटलीत भरून विकायला काढला. रस नीट तापवलाच नाही. सालीवरचं नैसर्गिक यीस्ट जिवंत राहिलं. चौथ्या दिवशी झाकणं फुगली, सहाव्या दिवशी रात्री दुकानात फटाक्यासारखे आवाज. सकाळी बघतो तर फळीवर काचा आणि जमिनीवर आंबूस लाल पाणी. वीस हजार गेले. बरं झालं, रात्री झालं. दिवसा एखादं लेकरू समोर उभं असतं तर?

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. किटवरून वाइनचा धंदा सुरू करू नका. लपून तर अजिबात नाही. ज्या धंद्याची पाटी लावता येत नाही, त्यावर कर्ज मिळत नाही, बिल देता येत नाही, आणि एक तक्रार झाली की सगळं संपतं.

खरंच वाइनमध्ये यायचंय? या की! 2001 च्या धोरणापासून राज्यानं या उद्योगाला उत्तेजन दिलंय, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. पण क्रम पाळा. आधी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात जाऊन विचारा. चालू वाइनरीत एक सीझन काम करा. वाइनची जात लावायची तर आधी वाइनरीशी लेखी करार, मग लागवड. स्वतःची वाइनरी हा शेवटचा टप्पा, राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना हातात आल्यावर.

आणि भांडवल कमी असेल तर मनुका करा, किंवा नीट शिकून रस करा. एफएसएसएआयची नोंदणी घ्या, लेबलवर स्वतःचं नाव अभिमानानं छापा.

तो पोरगा त्या दिवशी नाराज होऊन गेला. गेल्या आठवड्यात परत आला. हातात वही होती. एक किलो मनुक्याला किती किलो द्राक्षं लागतात, पाउच केवढ्याला, वाहतूक किती, सगळं लिहून आणलेलं. त्याचे आकडे थोडे चुकले होते. आम्ही बसून दुरुस्त केले.

तुमच्या वहीत काय आहे? आज रात्री फक्त तीन ओळी लिहा: काय विकणार, कोणाला विकणार, आणि त्याची पाटी दुकानावर लावता येईल का. तिसऱ्या ओळीचं उत्तर "नाही" असेल, तर पहिल्या दोन खोडून टाका.